कपाटावरचा तांबडा डाग

१

शनिवारी सकाळी ऊर्मिलाचा फोन आला तेव्हा स्वरूपा बेकरीच्या रांगेत उभी होती. ऊर्मिला एरवी नमनालाच घडाभर तेल घालणारी. आज ती एवढंच म्हणाली, "कपाट उघडं आहे आणि फीत नाही. तू ये."

स्वरूपाने रांग सोडली आणि लिंडन भागाकडे जाणारी ट्राम पकडली. नोव्हेंबरचं हॅनोव्हर अजून पुरतं उजाडलं नव्हतं. ट्रामच्या काचेवर धुकं साचलं होतं. मंगळवारी कोर्टात तारीख होती. ती फीत नसेल तर सेलामच्या बाजूने बोलणारं दुसरं काहीच उरत नव्हतं.

सेलाम मूळची एरिट्रियाची. वृद्धाश्रमात रुग्णसेविका म्हणून काम करायची आणि दोन वर्षं भाड्याचं घर शोधत होती. तिच्याकडे जुन्या बाजारातून घेतलेलं, छोट्या कॅसेटचं अॅन्सरिंग मशीन होतं. एका घरमालक कंपनीच्या माणसाने त्यावर निरोप ठेवला की जागा गेली, माफ करा. मग तो फोन ठेवायला विसरला. शेजारी बसलेल्या कुणाला तरी तो हसत म्हणाला, "परत एक काळी. ह्यांना घरात घेतलं की जिना वासाने भरतो." तेही फितीवर उतरलं. ती जागा पुढे महिनाभर रिकामीच होती.

सेलामच्या मागे उभा राहिला तो 'गेडेक' नावाचा फेराइन. फेराइन म्हणजे आपल्याकडची नोंदणीकृत संस्था, आणि गेडेक म्हणजे टेबलावर एका माणसासाठी मांडलेलं ताट-चमचा. प्रतापने आणखी चारपाच मराठी इंजिनियरांना घेऊन ती सुरू केली होती. संस्थेची कामं दोन. दर शुक्रवारी जो येईल त्याला गरम जेवण, आणि कातडीच्या रंगावरून किंवा नावावरून ज्याला दारातून परत पाठवलं त्याला वकील. दोन्हींचा खर्च एकाच झोळीतून चालायचा. त्या झोळीत सभासदांची वर्गणी पडायची, नाताळाआधीच्या आडव्हेंटच्या बाजारात विकलेल्या लोणच्यांचे पैसे पडायचे. पण खरा भार उचलायचे हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडहोर्स्ट, किराणा मालाचे घाऊक व्यापारी. त्यांची गाडी दर गुरुवारी डाळी, भाज्या, पाव घेऊन यायची. जागेचं भाडंही तेच भरत.

ही जागा म्हणजे जुन्या कारखान्याचा तळमजला: पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि त्याला लागून अंगणाच्या बाजूला ऑफिसची छोटी खोली. स्वरूपा पोचली तेव्हा ऊर्मिला त्या खोलीच्या दारात अंगाभोवती हात घट्ट लपेटून उभी होती. ती युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती आणि भेदभावाच्या सगळ्या तक्रारी तीच हाताळायची. सेलामची केस तिने वर्षभर जिवापाड सांभाळली होती.

"पोलीस येऊन गेले," ती म्हणाली. "फोटो काढले, डागाचा नमुना घेतला. अहवाल यायला काही आठवडे लागतील म्हणाले."

"आणि कोर्टात नक्कल नाही चालणार?"

"समोरचा वकील म्हणतो, नक्कल कुणीही बनवेल. मूळ फीत तज्ज्ञाला दाखवा. म्हणून तर ती इथे कुलुपात होती."

स्वरूपाही गेडेकची सभासद, पण नोकरी एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. तिथे तिचं काम तुटलेल्या भागांचं. भाग हातात घ्यायचा आणि तो का तुटला ते शोधायचं. त्या सवयीने ती कशालाही हात न लावता खोलीभर पाहत राहिली. खिडकीच्या काचेला बुक्कीएवढं भोक पडलं होतं. काचा आत, फरशीवर. त्यांच्यात अंगणातला एक दगड. खिडकीची मूठ वर वळलेली. लोखंडी कपाटाचं दार सताड उघडं, कुलूप शाबूत. आत मशीन जागच्या जागी होतं, फक्त त्यातली कॅसेट नव्हती. आणि कपाटाच्या करड्या दारावर, कुलपाच्या जरा वर, तळहाताएवढा तांबडा, फासटलेला डाग.

"काच फोडताना हात कापला असणार त्याचा," ऊर्मिला म्हणाली.

"कपाट तोडलेलं नाही, ऊर्मिला. किल्लीने उघडलंय."

ऊर्मिलाने मान हलवली. तिलाही ते दिसलं होतं, फक्त आपल्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक अध्यक्ष प्रतापकडे, दुसरी खजिनदार श्यामकांतकाकांकडे.

२

प्रताप घराखालच्या कॅफेत भेटला. त्याने कॉफी मागवली आणि तिला हातही लावला नाही. पंचेचाळिशीचा, एरवी सभेत सगळ्यांना हसवणारा हा माणूस आज कपाळ चोळत बसला होता.

शुक्रवारी संध्याकाळची हकिगत त्याने नीट सांगितली. जेवणं आटोपली होती. त्या दिवशी जर्मन पद्धतीचं मसुराचं सूप होतं, सौम्य, बिनमसाल्याचं, सगळ्यांना चालणारं. मग श्यामकांतकाकांच्या पत्नी शुभाकाकू आणि ऊर्मिला आडव्हेंटच्या बाजारासाठी ओल्या हळदीचं लोणचं घालायला बसल्या. फोडणीच्या धुराने खोकला सुटला म्हणून काकूंनी खिडक्या वरून तिरक्या करून ठेवल्या. निघण्याआधी प्रतापने कपाट उघडून कॅसेट आहे ना ते पाहिलं. ती होती. त्याने कुलूप लावलं आणि तो गेला. ऊर्मिला त्याच्याबरोबरच ट्रामपर्यंत आली. शेवटी राहिले काका आणि काकू. तेही बरण्या गाडीत भरून गेले.

"म्हणजे फीत शेवटची पाहिली ती तू."

"हो. आणि मुख्य दाराची किल्ली काका, काकू, ऊर्मिला आणि मी, आम्हा चौघांकडेही आहे. कुणीही परत येऊ शकत होतं. मी सुद्धा."

ते 'मी सुद्धा' त्याने अशा काही सुरात म्हटलं की स्वरूपाने मान वर केली. तो खिडकीबाहेर पाहत होता. तिकडे पाहतच तो बोलू लागला.

"ती घरमालक कंपनी आहे ना, जिच्यावर केस आहे, तिच्यात ब्रांडहोर्स्टची भागीदारी आहे. मला बुधवारी कळलं. त्यांनीच फोन केला. एकदम गोड बोलले. म्हणाले, तुमचं जेवणाचं काम फार सुंदर आहे, ते राजकारणात वाया जाऊ नये. केस मंगळवारी उभी राहिली तर त्या आठवड्यापासून गाडी येणार नाही."

"तू काय म्हणालास?"

"केस सेलामची आहे, मागे घेणं माझ्या हातात नाही."

"आणि हे तू कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. काय सांगणार होतो? काकूंना कळलं असतं तर त्या खचल्या असत्या. स्वयंपाकघर म्हणजे त्यांचा जीव आहे."

स्वरूपाला त्याची दया आली आणि रागही आला. गेडेक त्याने उभं केलं होतं. ते बंद पडू नये म्हणून हा माणूस कुठपर्यंत जाईल? तिने ते विचारलं नाही. पण प्रतापला प्रश्न कळला असावा. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"माझा संशय घे," तो म्हणाला. "मी तुझ्या जागी असतो तर माझाच घेतला असता."

३

श्यामकांतकाका आणि शुभाकाकू शहराच्या टोकाला, रांगेतल्या एका छोट्या घरात राहत. जर्मनीत आल्यावर स्वरूपाचा पहिला हिवाळा ह्याच घराने तारून नेला होता. ताप अंगावर काढत एकट्या पडलेल्या मुलीला काकूंनी गाडीत घालून इथे आणलं होतं आणि आठवडाभर परत जाऊ दिलं नव्हतं. आज ह्या घराची घंटा वाजवताना तिचं बोट अडखळलं.

काकांनी दार उघडलं, तिचा कोट काढून खुंटीला लावला. दोन्ही हातांनी चहाचा ट्रे उचलून तेच बाहेर घेऊन आले. सत्तरी ओलांडली तरी त्यांचे हात स्थिर होते. आयुष्य मशीनवर गेलं होतं त्यांचं.

कोर्टकचेरीला काकांचा पहिल्यापासून विरोध होता, आणि तो त्यांनी आजही लपवला नाही. चाळीस वर्षांपूर्वी ते इथे आले तेव्हा त्यांनाही दारं बंद झाली होती. त्यांनी मान खाली घालून काम केलं, आणि एक दिवस दारं उघडली. भुकेल्याला वाढावं, त्यात कुणाचं दुमत नसतं. ह्या भांडणात पडलं की लोक नाराज होतात. शिवाय आपण सेलामच्या लोकांतले नव्हेत, असंही ते म्हणाले; पण म्हणताना नजर चहात होती.

"अहो, पुरे," काकू म्हणाल्या.

 लोणच्याने पिवळे झालेले हात त्यांनी मांडीवर एकमेकांत गुंतवून ठेवले होते. त्यांनी एवढंच सांगितलं की काका बरण्या गाडीत नेऊन ठेवत होते, आपण ओटा पुसला, कचरा अंगणातल्या डब्यात टाकला, आणि दोघं निघाले. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही.

काकांनी आपली किल्ली दाखवली. ती नेहमी त्यांच्या ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात असते. काल कोट कुठे होता, असं विचारल्यावर ते म्हणाले, स्वयंपाकघराबाहेरच्या खुंटीवर. बोलता बोलता ते मध्येच थांबले, आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. क्षणभरच.

स्वरूपा निघाली तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. तिच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट करत त्यांनी हळूच विचारलं, "आता गुरुवारी गाडी येईल ना गं?"

"येईल की, काकू," स्वरूपा म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

बसमध्ये बसल्यावर ते वाक्य तिच्या कानात पुन्हा वाजलं. गाडी येणार नाही असं काकूंना कुणी सांगितलं होतं?

४

रविवारी ती प्रतापचा किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकटीच लिंडनला गेली. तिला पुरावा हवा होता. आणि तो मिळू नये असंही तिला मनापासून वाटत होतं.

तिने खिडकीपासून सुरुवात केली. इथल्या खिडक्यांची मूठ तीन जागी वळते. खाली असली की बंद, आडवी केली की झडप दारासारखी उघडते, आणि वर केली की झडप नुसती वरच्या बाजूने आत कलते, हवा येण्यापुरती. ह्या खिडकीची मूठ वर होती. कुणीतरी भोकातून हात घालून खिडकी उघडली असती तर मूठ आडवी असती. कललेल्या झडपेतून मांजर कदाचित आत येईल, माणूस नाही. आणि चोर आत आल्यावर त्याने मूठ परत वर केली म्हणावं, तर तो बाहेर कसा गेला? मुख्य दार कुलुपात होतं.

म्हणजे खिडकीतून कुणी आलंच नव्हतं. काच फोडली होती ती फक्त फुटलेली दिसावी म्हणून.

मग ती कपाटापाशी गेली आणि खाली वाकली. पोलीस येऊन गेले, प्रतापने पाहिलं, ऊर्मिलाने पाहिलं, सगळे त्याला रक्त म्हणाले. पण रक्त वाळलं की काळपट पडतं, त्याचे पापुद्रे सुटतात. हा डाग मात्र सपाट, तांबूस तपकिरी, आणि कडेला त्याचा रंग विरळ होत गेलेला. पुसण्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. कुणीतरी ओल्या फडक्याने तो घालवायचा प्रयत्न केला होता, आणि तो गेला नव्हता. स्वरूपाने नाक जवळ नेलं. ओटा पुसायच्या, तेलकटपणा काढणाऱ्या साबणाचा उग्र वास अजून तिथे रेंगाळत होता.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. लहानपणी सोलापूरला मावशीकडे घरच्या घरी कुंकू करताना तिने पाहिलं होतं. मावशीच्या परातीतली पिवळीधमक पूड चुन्याचा हात लागताच डोळ्यांदेखत लाल होत जायची.

ती उठून स्वयंपाकघरात गेली, फळीवरून लिंबू घेतलं. कापायला सुरी हातात घेतली तोच फोन वाजला.

प्रताप होता. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "स्वरूपा, संपलं. काकांनी कबूल केलं. फीत त्यांनी घेतली आणि जाळून टाकली. आम्ही सगळे तिकडेच येतोय."

५

चौघं आले. काका पुढे, त्यांच्यामागे काकू, मग प्रताप आणि ऊर्मिला. काकांच्या उजव्या हाताच्या बोटाला पांढरी पट्टी होती. ऊर्मिलाने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

काका बसले नाहीत. पाठ केलेलं म्हणावं तसं ते बोलले. ही केस संस्थेला बुडवणार ह्याची त्यांना खात्री होती. म्हणून काकूंना घरी सोडून ते परत आले, दगडाने काच फोडली, खिडकीतून आत शिरले, आपल्या किल्लीने कपाट उघडलं आणि फीत नेऊन घरच्या शेगडीत जाळली. काचेने बोट कापलं, त्याचंच हे रक्त. सेलामची ते माफी मागतील. पोलिसांना काय सांगायचं ते प्रतापने ठरवावं.

"तुमच्याकडे मुख्य दाराची किल्ली होती, काका," स्वरूपा म्हणाली. "मग खिडकीतून का?"

"चोर वाटावा म्हणून."

"खिडकी उघडली कशी?"

"मूठ फिरवून."

"मूठ अजून तशीच आहे. वर. झडप तिरकी आहे. तुम्ही उघडून पाहा."

काकांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. चाळीस वर्षं ह्या देशात राहिलेल्या माणसाला ती मूठ समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि काल तुम्ही मला चहा दिलात तेव्हा बोटाला काही नव्हतं."

 स्वरूपाने टेबलावरचं लिंबू कापलं.  ती कपाटाशी गेली आणि डागाच्या एका कोपऱ्यावर तिने लिंबाची फोड पिळली. रस खाली ओघळला. ओघळ जिथून गेला तिथला तांबडा रंग विरघळल्यासारखा मागे सरला आणि त्या जागी स्वच्छ, झगझगीत पिवळी रेघ उमटली.

"हळद," ऊर्मिला पुटपुटली.

"ओली हळद. तिला साबण लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. शुक्रवारचं सूप बिनहळदीचं होतं. हळदीचे हात फक्त लोणचं घालणाऱ्यांचे होते." स्वरूपा ऊर्मिलाकडे वळली. "तू आणि काकू. तू प्रतापबरोबर ट्रामपर्यंत गेलीस, पण परत येऊ शकली असतीस. फक्त, ही केस जिंकावी असं तुझ्याइतकं कुणालाच वाटत नाही. आणि तुला हे माहीतच नव्हतं की केस उभी राहिली तर गुरुवारची गाडी बंद होणार आहे."

ऊर्मिलाने झटकन प्रतापकडे पाहिलं. प्रतापने मान खाली घातली.

"ते फक्त प्रतापला माहीत होतं," स्वरूपा म्हणाली.  ज्या बाईने तिच्या उशाशी बसून पेज भरवली होती तिच्याकडे न पाहता ती पुढे बोलली. "त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी काल मला कुणीतरी विचारलं की आता गुरुवारी गाडी येईल ना. काका, तुम्हाला ते रक्त वाटलं म्हणून तुम्ही बोट कापून घेतलंत. म्हणजे डाग तुम्ही केलेला नाही. कोट कुठे होता असं मी विचारलं तेव्हा तुमच्या लक्षात आलं, किल्ली कुणी काढली असेल ते. तुम्ही ज्याच्यासाठी खोटं बोलाल असं ह्या जगात एकच माणूस आहे."

"स्वरूपा, बास," काका म्हणाले.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "बोलू द्या तिला. खरं आहे ते."

६

काकू खुर्चीवर बसल्या आणि सगळं शांतपणे सांगत गेल्या. हेर ब्रांडहोर्स्ट गुरुवारी गाडीबरोबर स्वतः आले होते. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी सूप चाखलं, वाखाणलं, आणि म्हणाले, फ्राउ शुभा, हे सगळं एका फितीपायी बंद पडलं तर मला फार वाईट वाटेल. एवढंच बोलून ते निघून गेले. ती रात्र काकूंनी डोळे उघडे ठेवून काढली. हिवाळा तोंडावर होता. रांगेतले चेहरे एकेक करून समोर येत राहिले.

काका बरण्या घेऊन गाडीकडे गेले तेव्हा काकूंनी कोटातली किल्ली काढली. कपाटाच्या दारावर पिवळं बोट उमटलं, ते ओट्याच्या साबणाने पुसायला गेल्या तर लाल झालं. घाबरल्या, मग वाटलं, रक्त समजतील. कचरा टाकायला अंगणात गेल्या आणि दगड मारला. आपल्यातल्या कुणावर आळ येऊ नये एवढंच डोक्यात होतं.

"फीत कुठे आहे, काकू?" ऊर्मिलाने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कडक होता.

काकूंनी स्वेटरच्या आत हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली कॅसेट टेबलावर ठेवली. "टाकून द्यायला नदीच्या पुलावर गेले होते काल. हात सुटेना."

सेलामला आपण स्वतः सांगणार, असं त्यांनी ठरवलं. स्वरूपाने बरोबर यावं अशी मात्र विनंती केली. सेलाम वृद्धाश्रमाच्या मागच्या खोलीत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात भेटली. काकूंनी आपल्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये काही न लपवता सांगितलं. सेलामने मध्ये एकदाही अडवलं नाही. 

"मी ह्या शहरात आले त्या हिवाळ्यात तुमच्या रांगेत उभी होते," मग ती म्हणाली. "तुम्ही मला दोनदा वाढायचात. तुम्हाला वाटलं, रांगेतली माणसं वेगळी आणि मी वेगळी. आम्हाला काय हवं ते कुणीतरी एकदा विचारायचं होतं. त्या ब्रांडहोर्स्टने विचारलं नाही, आणि तुम्हीही नाही."

काकूंनी मान खाली घातली. सेलाम उठली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, की तिने त्यांना जवळही घेतलं नाही. पण त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल तिने उचलून परत नीट घातली, आणि आपल्या पाळीवर गेली.

मंगळवारी ऊर्मिलाने कोर्टाला आधी सगळं सांगून टाकलं: फीत दोन दिवस कपाटाबाहेर होती, कुणी नेली होती आणि का. समोरच्या वकिलाने त्यावरून बराच गदारोळ केला. पण तज्ज्ञाने फीत तपासली. तिच्यावर कुठे खाडाखोड नव्हती, जोड नव्हता. मग ती भर कोर्टात वाजवली. ते हसू आणि ते वाक्य त्या उंच छताच्या खोलीत घुमलं तेव्हा न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. कंपनीने तिथल्या तिथे तडजोड पुढे केली. अट एकच, सेलामने ह्याबद्दल बाहेर कुठे बोलायचं नाही. सेलामने नकार दिला. तिला निकाल हवा होता.

काका मागच्या बाकावर बसले होते. ते येणार आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या बोटाला अजून पट्टी होती. बाहेर पडताना ते स्वरूपाशी फार बोलले नाहीत. आपल्या पहिल्या घरमालकिणीने जिन्यात आपल्याबद्दल काय म्हटलं होतं ते आजवर शुभालाही सांगितलं नाही, एवढंच म्हणाले.

गुरुवारी गाडी आली नाही.

सभासदांनी जमेल तेवढं आणलं. प्रतापने बाजारातल्या भाजीवाल्यांचे पाय धरले. तरी शुक्रवारी पातेलं अर्ध्याच्या वर भरलं नाही. काकूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला होता, आणि तो प्रतापने स्वीकारलाही होता. पण स्वयंपाकाला त्या नेहमीसारख्या आल्या. पातेल्याचा तळ दिसू लागला तेव्हा रांग अजून दाराबाहेर होती. कुणीतरी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. प्रताप उठला. काकूंनी त्याला हाताने खाली बसवलं आणि स्वतः गेल्या. स्वरूपा त्यांच्यामागे दारात जाऊन उभी राहिली.

बाहेर थंडीत माणसं एकमेकांना चिकटून उभी होती. सगळ्यांत पुढे हेर पॉपे, दर शुक्रवारी येणारे, दात नसलेले म्हातारे जर्मन गृहस्थ. काकूंनी सांगितलं की आज संपलं. पॉपेंनी कारण विचारलं. काकूंनी काही न गाळता तेही सांगितलं. आम्ही गप्प बसावं असं जो देत होता त्याला वाटत होतं, म्हणाल्या. आणि एक दिवस मी बसलेही होते.

हेर पॉपे डोकं कलतं करून ऐकत होते.

"मग ती फीत कोर्टाने ऐकली का?"

"ऐकली. सगळ्यांनी ऐकली."

"आल्झो, बरं तर," ते म्हणाले. टोपी कानांवर ओढून त्यांनी थोडा विचार केला. "मग पुढच्या शुक्रवारी मी जरा लवकर येतो. बटाटे सोलता येतात मला."

ते वळले आणि काठी टेकत ट्रामच्या दिशेने निघाले. काकू दारातच उभ्या राहिल्या, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला सांगू लागल्या.